खिशातलं आणि चेंबरमधलं

...आणि वाक्य अर्धवट टाकून माणसानं गाडीत बसून निघून जावं, याच्यासारखा दुसरा छळ नाही, तुम्हाला सांगतो! बोलायचं तर पुरं बोला, नाहीतर बोलूच नका. त्या बाटल्यावाल्या बाईनं त्या दिवशी माझ्या खिडकीसमोर आणखी फक्त चार शब्द खर्च केले असते, चारच, तर पुढचा सगळा घोळ झाला नसता, एका सज्जन माणसाची नोकरी टांगणीला लागली नसती आणि मी आज तुमच्यासमोर असं तोंड घेऊन उभा नसतो. फोनवर बोलत होती बाई. म्हणाली, "नाही सर, एवढं प्रमाण एका इमारतीतून मी पहिल्यांदाच बघतेय. आणि मला वाटतं, इथं एकच माणूस आहे, जो..."

जो? जो काय? गाडीचं दार धाडकन लावलं, काच वर केली, संपलं. आता हे "जो" घेऊन मी काय करायचं? शिवणयंत्रावर एका पँटची कड अर्धी झालेली, पाय तसाच वर राहिला. आणि गैरसमज नको हं, मी काही चौकशा करणारा माणूस नाही. मी कुणाला काही विचारत नाही, मला आपोआप कळतं.

कळणारच की! तळमजल्याची खोली, गेटसमोर खिडकी, खिडकीत माझं यंत्र. नवे कपडे शिवायचं मी केव्हाच सोडलं, आता फक्त दुरुस्ती. लांबी कमी करा, कंबर सैल करा, चेन बदला. लोक मला मास्तर म्हणतात. शिक्षण सातवीपर्यंत, म्हणजे सातवीत दोनदा बसलो ते धरलं तर आठ वर्षांचं. आणि इमारतीतला प्रत्येक माणूस जाता-येता माझ्या खिडकीवरूनच जाणार, त्याला मी तरी काय करू? डोळे मिटून शिवू?

तर ही बाटल्यावाली बाई. तिशीतली असेल, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात मोजे. आदल्या सोमवारी दोन माणसं घेऊन आली, गेटजवळच्या गटाराच्या चेंबरचं झाकण काढलं आणि आत एक नळी सोडली. नळीला पेटी, पेटीत छोटा पंप, आणि तो पंप दर तासाला एक घोट... घोट म्हणजे, आता काय सांगायचं, जे काही अख्ख्या इमारतीतून खाली येतं त्याचा एक घोट ओढून बाटलीत भरणार! आठवडाभर! मी काही विचारलं नाही. फक्त खिडकीतून म्हटलं, पाणी हवं का प्यायला. तर म्हणाली, नको काका. काका! माझं वय चोपन्न, तरी काका हे मला झोंबतंच. पण मग तिनंच सांगितलं, की लोक किती औषधं घेतात, दारू किती, तंबाखू किती, आणि नशेचे जे प्रकार घ्यायला बंदी आहे ते किती, हे मोजायचं आहे. मी म्हटलं, मग विचारा की लोकांना सरळ. ती हसली. म्हणाली, विचारलंय. खरंच, तिनं घरोघर छापील कागद वाटले होते. गेल्या सात दिवसांत काय काय घेतलं, खुणा करा, नाव लिहू नका. आणि तुम्हाला सांगतो, त्या कागदांवर आमची इमारत म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या बाळांचं पाळणाघर! कुणी दारू घेत नाही, कुणी विडी ओढत नाही, चोवीस घरांत मिळून डोकेदुखीची एक गोळी, ती पण पाहुण्यांनी घेतलेली. बाई म्हणाली, "म्हणून चेंबर उघडावं लागतं, काका. माणूस कागदावर काहीही लिहितो, शरीर मात्र घेतलेलं सगळं थोडंथोडं बाहेर टाकतंच."

मी वरवर मान हलवली पण मनात हसलो. म्हटलं, एवढं शिकून पोरगी गटारात नळ्या सोडते, आणि मी इथं बावीस वर्षं नळीशिवाय मोजतोय!

कसं म्हणजे? खिसे! माणूस पँट दुरुस्तीला देतो ना, तेव्हा खिसे बघत नाही. बघतो असं त्याला वाटतं. पण तो लहान खिसा असतो बघा खिशाच्या आत, नाण्याएवढा, तो कोण बघतो? कोटाचा आतला खिसा? फाटलेल्या अस्तरातून खाली घसरलेलं? शिलाई करायची तर हात घालावाच लागतो, सुई मोडली तर भरपाई कोण देणार? मी मुद्दाम शोधत नाही, हाताला लागतं. झोपेच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या, लवंगा, तंबाखूची चुरमडलेली पुडी, आणि ज्याच्या बायकोनं मला स्वतः सांगितलंय की आमच्या ह्यांनी सोडली, त्याच्या खिशात दारूच्या बाटलीचं बूच. मी कुणाला काही विचारत नाही, मला आपोआप कळतं.

पूर्वी परत करायचो. एकदा एका गिऱ्हाइकाला गोळ्यांची पट्टी परत केली, त्याची बायको शेजारी उभी होती, तिनं ती हातात घेतली, वाचली, आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की त्या माणसानं दुसऱ्याच दिवशी शिंपी बदलला. तेव्हापासून मी गप्प. जे सापडेल ते एका काचेच्या बरणीत. एक बरणी बटणांची, शेजारी एक बरणी खिशांची. पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी, दोन रंगी, बघायला फार सुंदर दिसायची हो! आणि एकदा एका तरण्या गिऱ्हाइकाच्या जाकिटात काळपट तपकिरी, बोटाएवढा गोळा सापडला, कागदात नीट गुंडाळलेला. मला वाटलं मेण. जाड दोऱ्याला आम्ही मेण लावतो ना, दोरा गुंतू नये म्हणून! मी दोन कोटांची बटणं त्या दोऱ्यानं लावली. वास जरा निराळा आला, पण म्हटलं परदेशी मेण असेल. उरलेला गोळा गेला बरणीत.

असो. मुद्दा तो "जो".

आता तुम्ही सांगा, "एकच माणूस आहे, जो" एवढं ऐकल्यावर पुढचं वाक्य आपोआप पुरं होतं की नाही? जो घेतो! दुसरं काय असणार? आणि चोवीस घरांत एकटा राहणारा माणूस कोण? तिसऱ्या मजल्यावरचा ड्रायव्हर. शाळेची बस चालवतो. चाळिशीचा, सडपातळ, मोजकं बोलणारा, जिन्यात भेटला तर बाजूला होऊन वाट देणारा. आणि वर पुरावा! माझ्याकडे त्याच्या गणवेशाच्या पँटी येतात. इतक्या वर्षांत त्याच्या खिशात मला काय सापडलं असेल? काही नाही! धाग्याचा तुकडा नाही, बसच्या तिकिटाचा कपटा नाही. मी म्हटलं, अरे, प्रामाणिक माणसाच्या खिशात काहीतरी असतंच! ज्याचा खिसा इतका स्वच्छ, तो नक्की काहीतरी लपवतोय. हे मी माझ्या डोक्यानं काढलं बरं का. सातवी दोनदा केल्याचा परिणाम.

आणि मी सांगितलं कुणाला? फक्त बायकोला. आणि मग सोसायटीच्या सेक्रेटरींना, पण ते सांगणं नव्हे, ते स्वतः विचारत होते. म्हणजे ते कोटाची बाही कधी मिळेल असं विचारत होते, पण माणूस खिडकीशी उभा आहे तर काहीतरी बोलायला नको? मी एवढंच म्हटलं, की तपासणीत सापडलंय म्हणे, एकच माणूस आहे, एकटा राहणारा, मी नाव घेणार नाही, पण तिसरा मजला. बस्स. दुपारी हे बोललो, आणि संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या काकू खिडकीशी येऊन मलाच सांगतात, मास्तर, कळलं का, त्या ड्रायव्हरच्या बसच्या सीटखाली पिशव्या सापडल्या. तुम्हाला सांगतो, मला धक्का बसला! मी म्हटलं, बापरे, पिशव्या? हे आपल्याला कसं कळलं नाही? माझीच बातमी मला परत आली आणि मी ती नवी म्हणून ऐकली, वर जीभही चावली!

आणि सेक्रेटरी म्हणजे नियमाचा माणूस. नाकात बोलणार, "हे पाहा, मास्तर, नियम म्हणजे नियम. लहान मुलांचा प्रश्न आहे." असं म्हणून त्यांनी सोसायटीच्या शिक्क्याचं पत्र थेट शाळेला धाडलं, आणि रविवारी सभा लावली, ड्रायव्हरला घर खाली करायला सांगायचं की नाही यावर.

शनिवारी तो आला. खिडकीत उभा राहिला, हातात घडी घातलेली पँट. म्हणाला, गुडघ्यावर विरलीय, आतून पट्टी लावा. मी पँट घेतली. तो हलेना. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मास्तर, मी जिन्यात आलो की लोक बोलायचे थांबतात. शाळेतून फोन होता, सोमवारपासून येऊ नका, आधी सोसायटीचा खुलासा आणा. सतरा वर्षं पोरं ने-आण करतोय, एकदा कुणाला खरचटलं नाही. तुम्हाला सगळं कळतं. काय झालंय हो?"

आता काय सांगू? तोंडात दोन टाचण्या होत्या, त्यांचा आधार घेतला. मान हलवली, नुसतं "अं, अं" केलं. तो "बरं" म्हणून गेला. आणि मी त्याच्या पँटची पट्टी लावताना तीनदा सुई बोटात खुपसून घेतली. तीनदा! तेहतीस वर्षांच्या धंद्यात असं झालं नव्हतं. बायको आतून म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, तुम्ही काही नाही म्हणालात म्हणजे फारच काहीतरी झालंय.

रविवारी सकाळी खाली गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या टाकल्या. ड्रायव्हर शेवटच्या रांगेत, हाताची घडी. सेक्रेटरींनी पुरावा हवा म्हणून बाटल्यावाल्या बाईलाच बोलावलेलं. बाई आली ती भडकलेली. बूट नव्हते त्या दिवशी, पण पावलं बुटांचीच होती. म्हणाली, आमच्या कामात इमारतीचं नाव कुठं छापत नाहीत, आणि कोण माणूस हे तर चेंबरला कळतच नाही, तिथं सगळ्यांचं एक होऊन येतं. मग हे नाव कुणी काढलं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी वर बघितलं, पत्र्याला गंज चढलाय का ते.

सेक्रेटरी म्हणाले, पण तुम्हाला सापडलं हे खरं ना?

"सापडलं," बाई म्हणाली. "झोपेच्या गोळ्या, दुखण्याच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे अशा दोन प्रकारच्या, आणि चरससुद्धा. पण कुणाच्या पोटातून आलेलं नाही. पोटातून गेलेलं औषध बदलून बाहेर पडतं. हे जसंच्या तसं होतं. आणि आठवड्यातल्या एकाच तासात, बुधवारी अकरा ते बारा. म्हणजे इथं एकच माणूस आहे, जो घेत नाही, संडासात ओततो."

बघा! हेच ते चार शब्द! घेत नाही, संडासात ओततो! मोजा हवं तर!

बुधवार. अकरा ते बारा. बुधवारी पावणेअकराला आमची ही फडताळ आवरत होती. बरणी हातात घेतली आणि म्हणाली, अहो, हे मेलं लोकांच्या खिशातलं विष कशाला साठवलंय घरात, नातवंडं येणार आहेत सुट्टीला, आधी फेकून या. कचऱ्यात टाकलं तर कुत्रं-मांजर खाईल म्हणून मी... तीनदा पाणी ओतावं लागलं हो! ते मेण खाली जाईना! मी काठीनं ढकललं!

म्हणजे बावीस वर्षांचे अख्ख्या इमारतीचे खिसे मी एका तासात खाली पाठवले, आणि त्याच तासाला त्या पेटीनं घोट घेतला.

आता गप्प बसता आलं असतं. खरं सांगतो, गप्प बसायचं मनात आलंही. बाईला माणूस कळत नाही, चेंबर बोलत नाही, बायको घरात. सेक्रेटरी म्हणत होते की कुणी ओतलं ते समजत नाही तोवर शाळेला दिलेलं पत्र कसं मागे घेणार, नियम म्हणजे नियम, कदाचित छापा पडेल या भीतीनं ड्रायव्हरनंच ओतलं असेल. आणि लोक माना डोलावत होते! मी मागे वळून बघितलं. तो माणूस स्वतःच्या गुडघ्याकडे बघत होता. मी लावलेली पट्टी होती तिथं.

मी उठलो. म्हटलं, ते माझं आहे.

मग सगळं सांगितलं. बरणी, खिसे, मेण, काठी. आणि तुम्हाला वाटेल लोक हसले असतील. छे! अशी शांतता पसरली, की टाचणी पडली असती तर मला कितव्या नंबरची ते सांगता आलं असतं! कारण प्रत्येक जण मनातल्या मनात हिशेब करत होता, की आपण मास्तरांकडे कोणते कपडे दिले होते. पहिल्या मजल्यावरच्या काकू नवऱ्याकडे बघत होत्या, काका चपलेकडे. आणि बाटल्यावाली बाई! तिचा राग कुठल्या कुठे गेला, डोळे चमकले, वही काढली, "काका, बावीस वर्षं? कुठली गोळी कुणाच्या खिशातली, काही लिहून ठेवलंय?"

चोवीस घरांचे हात आपापल्या खिशांकडे गेले. सेक्रेटरींचा चेहरा तर असा झाला, की मला त्यांच्या करड्या कोटाचा आतला खिसा डोळ्यांसमोर आला. पुढं सांगत नाही.

आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणालो, "मला काही माहीत नाही. कुणाचं काय होतं ते आठवत नाही."

सेक्रेटरी ताडकन उठले, म्हणाले, विषय संपला, पत्र मागे घेतलं, सभा बरखास्त. नियमाला नाकातून बोलायलाही वेळ मिळाला नाही.

ड्रायव्हर माझ्याजवळ आला. मी म्हटलं, माफ करा, तुमचं नाव मीच काढलं. तो म्हणाला, कशावरून काढलंत? मी म्हटलं, तुमच्या खिशात कधी काही सापडलं नाही, यावरून. त्यानं अंगावरच्या पँटचा खिसा उलटा करून दाखवला. मग म्हणाला, "मास्तर, मी पँट तुमच्याकडे द्यायच्या आधी खिसे उलटे करून धुतो, इस्त्री करतो. तुमच्या हाताला घाण लागू नये म्हणून."

यावर माणसानं काय करावं? जमीन दुभंगत नाही हो, नुसतं म्हणतात.

सोमवारी त्याच्याबरोबर शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंसमोर उभं राहून अख्खं पुन्हा सांगितलं, मेणासकट. त्या हसून हसून खुर्चीला टेकल्या, आणि मंगळवारी सकाळी बस त्याच्याच हातात होती. मला जाता-जाता हॉर्न दिला. दोनदा. त्यातला दुसरा मला शिवीसारखा वाटला, पण तेवढा हक्क त्याचा आहे.

त्याच दिवशी बाई पेटी उचलायला आली. मी काही विचारलं नाही, फक्त म्हटलं, बाकीचं काय निघालं? म्हणाली, तो एक तास सोडला तर तुमची इमारत चारचौघांसारखीच आहे. तंबाखू आहे, दारू आहे, शनिवारी जरा जास्त. फक्त एक आहे, झोपेचं औषध, अगदी थोडं, पण रोज, न चुकता, आणि हे मात्र पोटातून गेलेलं. मी म्हटलं, कुणाचं? ती म्हणाली, ते कळत नाही आणि कळायलाही नको, काका. मी म्हटलं, माझ्या बरणीत असं रोजचं कुणाचं नव्हतं. तेव्हा ती बूट काढता काढता म्हणाली, "तुमच्या मोजणीत एकच खोट आहे. ज्यांच्या कपड्यांना खिसे नाहीत, ती माणसं तुम्ही मोजलीच नाहीत."

तीन दिवस मला अन्न गोड लागेना. कोण असेल? रोज! न चुकता! शेवटी दुपारी ही भाजी निवडत बसली होती, तिला म्हटलं, काय गं, आपल्या इमारतीत रोज झोपेची गोळी घेणारं कोण असेल?

तिनं भाजीतून मान वर केली नाही. म्हणाली, मी.

मी म्हटलं, तू? कधीपासून?

म्हणाली, "सहा वर्षं. अर्धी गोळी. डॉक्टरांनी दिलीय. तुम्ही दिवसभर खिडकीतून अख्ख्या इमारतीचं गोळा करता, आणि अंथरुणाला पाठ टेकली की सगळं मला सांगता. माणसानं झोपायचं कसं?"

मी म्हटलं, अगं पण मला सांगायचंस ना! तर म्हणते कशी, "तुम्ही कुठं कुणाला काही विचारता? तुम्हाला आपोआप कळतं."

म्हणजे बघा, अफवा निम्मी खरीच होती. घेणारं एक माणूस होतं, ओतणारंही एक होतं, फक्त दोघं तिसऱ्या मजल्यावर नव्हती, तळमजल्यावर एकाच सतरंजीवर झोपत होती.

आता मी ठरवलंय. पाठ टेकली की तोंड बंद. आज आठवा दिवस. तिला छान झोप लागते, गोळीबिळी काही नको, घोरते सुद्धा. आणि मी? पोटात एवढं सगळं साठलेलं, सांगायचं कुणाला, छताला? टक्क जागा! चौथ्या दिवशी तिलाच दया आली. डॉक्टरांकडे घेऊन गेली, आणि आता ती अर्धी गोळी मी घेतो. बाई पुढच्या वर्षी पुन्हा नळी सोडणार आहे म्हणे. सोडू दे बिचारीला. आकडा तोच येईल.